पाटलाच्या पट्ट्यावर चाललेली मोटर

आजकालच्या मेकॅनिकला मी मेकॅनिक म्हणत नाही, दुकानदार म्हणतो. गाडी आली की खोलतो, जुना भाग भंगारात टाकतो, खोक्यातला नवा बसवतो आणि बिल हातात देतो. खोकं आलं नाही की हा गडी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मोबाईल पाहत राहतो आणि गिऱ्हाइकाला सांगतो, "काका, पार्टच नाई येऊन राह्यला." जसा काही पार्ट म्हणजे रुसलेला जावई आहे. आमच्या बोरी अरबच्या अंगणात पार्ट नावाची वस्तू कधी आलीच नाही. मोटर परदेशातली, माझ्या जन्माच्या आधीची. तिचे भाग मुंबईत मिळत नव्हते तर बोरीत काय मिळणार, आणि मिळाले असते तरी घ्यायला आमच्याजवळ काय होतं? तरी ती चालत होती. बोरीहून दारव्हा, दारव्ह्याहून यवतमाळ, बाजाराच्या दिवशी आत माणसं कोंबलेली आणि बाहेर लटकलेली वेगळी, अशी चालत होती. कशी, ते मी लिहून ठेवतो. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, तेही मास्तर आमच्या मोटरीतून फुकट फिरायचा म्हणून झालं. शुद्धलेखन ज्यांना पाहायचं असेल त्यांनी दुसरीकडे जावं.

माझा बाप पुंडलिक लढाईच्या काळात पलटणीच्या मोटरी दुरुस्त करायला होता. परत आल्यावर एका जिनिंगवाल्या शेठकडे ड्रायव्हर म्हणून लागला. पुढे शेठ बुडाला. बुडणारे शेठ पगार देत नसतात, वस्तू देतात. त्यानं आपली काळी, लांबलचक, सहा पिस्टनची मोटर पगाराच्या बदली बाबाच्या गळ्यात मारली आणि वरून उपकार केल्यासारखा हसला. त्याला वाटलं असेल, हा हिचा पत्रा विकून खाईल. बाबानं ती अंगणात कडुनिंबाखाली आणून उभी केली आणि तिच्यावर घर चालवलं. शेठचे नातू आता मोटरसायकलवर दूध घालतात असं ऐकतो. मला त्यात आनंद नाही, पण दुःखही नाही.

आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि ते अंगण. चूल कुठं संपते आणि कारखाना कुठं सुरू होतो हे सांगणं मुश्किल होतं. रेडिएटर गळायला लागला की माय डब्यातून मूठभर हळद काढून द्यायची. ती पाण्यात टाकली की चिरा बुजायच्या, आणि मग मोटर दारव्ह्याच्या चढावर वाफ सोडायची तेव्हा लग्नघरासारखा वास यायचा. पेट्रोलच्या टाकीला भोक पडलं की कपड्याचा साबण मळून थापायचा. ब्रेकमध्ये एरंडीचं तेल. गॅस्केट म्हणजे मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा, जवसाच्या तेलात रात्रभर भिजवलेला. टायर फाटला तर आत दुसऱ्या टायरचा तुकडा, तोही फाटला तर चिंध्या आणि कडबा. पिस्टनचा दांडा खालच्या मोठ्या दांड्याला जिथे धरतो तिथे पांढऱ्या धातूचं अस्तर असतं. ते झिजलं की बाबा मायची लोखंडी पळी घ्यायचा, चुलीवर धातू वितळवायचा आणि मातीच्या साच्यात ओतून नवं अस्तर घडवायचा. एकदा पळीत धातू थिजला तसाच राहिला. माय संध्याकाळी चुलीपुढून ओरडली, "अजी, आज वरनाले फोडनी कायनं देऊ? पळी तुमच्या मोटरीनं खाल्ली." बाबा म्हणाला, "फोडनी कायले पाह्यजे, तुझं वरन तसंबी चांगलं राह्यते." त्या दिवशी आम्ही बिनफोडणीचं वरण, ज्वारीची भाकर आणि ठेचा खाल्ला. वरण चांगलं नव्हतं. पण सकाळी बाबानं हँडल मारलं आणि इंजिन शिवणयंत्रासारखं एका तालात चाललं, तेव्हा माय भाकरी थापता थापता थांबली, कान दिला, आणि पुन्हा थापायला लागली. इंजिनचा आवाज तिला चुलीपुढून कळायचा. कोणता पिस्टन रुसला आहे ते ती बोटावर दाखवायची.

आता कातड्याचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. माझ्या आजोबापर्यंत गावात कोणाचं ढोर मेलं की हाक आमच्या वस्तीला यायची. ओढून न्यायचं, सोलायचं, कातडं काढायचं, आणि वरून तोंड बाजूला करून बोलणाऱ्यांची बोलणी खायची. मी लहान असताना बाबा वस्तीतल्या लोकांबरोबर नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. ढोरं ओढणं सगळ्यांनीच सोडलं. पण बाबाचं सोडणं वेगळं होतं. त्यानं चुलीपुढं उभं राहून सांगितलं की आजपासून या घराचा हात कातड्याला लागणार नाही. बाकीचे लोक बाजारातून घेतलेल्या चामड्याच्या चपला घालत होते, बाबा टायरच्या चपला घालायचा. कमरेला पट्टा नाही, सुतळी. मोटरीच्या सीटा कातड्याच्या होत्या, त्या त्यानं शेठच्याच माणसाकडून उपटून घेतल्या आणि मायनं बारदान्याच्या शिवल्या. हवा भरायच्या पंपात कातड्याचं वाशर असतं. बाबा त्याऐवजी ट्यूबचं रबर कापून टाकायचा. ते सारखं फाटायचं आणि हवा भरता भरता माझा दम निघायचा. मी तेव्हा मिसरूड फुटलेला गडी होतो, मोटर चालवत होतो, खोलत होतो, आणि बापाचा हा प्रकार मला शुद्ध येडेपणा वाटायचा. मी तसं तोंडावर बोलूनही दाखवायचो. तो म्हणायचा, "पंप मार." एवढंच.

मागच्या हिवाळ्यात नागपूरहून एक साहेब आला होता. त्याच्याकडे म्हणे अशा जुन्या मोटरी आहेत, वर्षातून एकदा बाहेर काढतो, टोपी घालून मिरवतो आणि पुन्हा झाकून ठेवतो. त्याला कोणीतरी सांगितलं की बोरीत एक सांगाडा आहे. आला, हात मागे बांधून फिरला, आणि मला विचारतो, "ओरिजिनल काय काय आहे यात?" मी म्हणालो, "कडुनिंबाची सावली." तो हसला. त्याला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं गेलं. जी मोटर कपड्यानं पुसायला चार नोकर लागतात आणि जी माणसाला बाजाराला नेत नाही, तिला मी मोटर म्हणत नाही. ती लग्नातली वरमाय आहे, नटून बसलेली. त्यानं दिव्याच्या काचेला किंमत सांगितली. मी त्याला चहा पाजून घालवून दिला.

तर आबाराव पाटील. शेजारच्या गावचा, कापसाचं शिवार मोठं, आवाज त्याहून मोठा, आणि अक्कल दोन्हींच्या मानानं बेताची. त्याच्या पोराचं लग्न यवतमाळच्या वाटेवरच्या एका गावी ठरलं. व्याही तालेवार होते, तेव्हा यानं बोलणीतच सांगून टाकलं होतं की आमचा नवरदेव बैलांच्या दमणीत बसून येणार नाही, मोटरीतून येईल. मोटर होती आमच्याजवळ. त्या पट्ट्यात दुसरी नव्हती. आमच्या अंगणात येऊन बोलणं त्याला जड गेलं असावं, म्हणून तो बाजारात भेटला आणि चारचौघांत म्हणाला, "का बे पुंड्या, मोटर चालू हाय का तुही? माह्या पोराचं लगन हाय." पुंड्या! माझ्या बापाच्या डोक्यावरचे केस पांढरे झाले होते. मी तापलो. बाबा शांतपणे म्हणाला, "चालू हाय, पाटील. नवरदेव येळेवर पोचवतो. शब्द देल्ला." मला बाबाचा तो शब्दही आवडला नाही. ज्याच्या तोंडात आपलं नाव धड बसत नाही त्याला शब्द कायले द्यायचा?

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड सकाळीच दमण्यांनी पुढं गेलं. मुहूर्त गोरजाचा होता. आम्ही दुपारी निघालो. बाबा स्टेअरिंगवर, मी शेजारी, मागे बारदान्याच्या सीटवर हळद लागलेला नवरदेव, डोक्याला बाशिंग, हातात कट्यार, आणि त्याच्या बाजूला पाटील. पाटलाच्या अंगात नवा सदरा, पांढरंशुभ्र धोतर, गुलाबी फेटा, आणि कमरेला चांदीच्या बक्कलचा रुंद पट्टा, बापजाद्याचा. वाटेत गाव आलं की तो बाहेर तोंड काढून बसायचा, लोकांनी पाहावं म्हणून. रिकामा रस्ता आला की सीट टोचते म्हणून कुरकुरायचा.

अर्ध्या वाटेवर खटखट सुरू झाली. आधी बारीक, मग टाळ वाजावा तशी. बाबानं मोटर पळसाच्या झाडांजवळ उभी केली. फागुनाचा महिना, पळस लाल पेटलेला, सावली नावाला. आम्ही खालचं तेल डब्यात काढून घेतलं, तळाचं झाकण उतरवलं, तर तिसऱ्या दांड्याचं पांढरं अस्तर वितळून गेलेलं. चमकी तेलात पसरली होती. तिथं चूल नव्हती, पळी नव्हती, धातू नव्हता. बाबानं जाड कॅनव्हासची पट्टी घालून पाहिली. दहा हात मोटर गेली नाही तोच ती जळली. आम्ही पुन्हा सगळं खोललं. पाटील रस्त्यावर येरझारा घालत होता. "का झालं? का झालं?" हे त्यानं इतक्यांदा विचारलं की मला त्याला डब्यातलं तेल दाखवून सांगावंसं वाटलं, हे झालं, पी. आणि त्या वैतागात माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबा, लढाईत तुमी कातड्याची पट्टी टाकून मोटर आनली होती न? तेलात भिजवलेली? हळूहळू नेली तं पोचते न?"

बाबानं माझ्याकडं पाहिलं. पाटलानं ते ऐकलं आणि त्याचा चेहरा उजळला. "अरे मंग टाक न! कातडं पाह्यजे ना? पलीकडच्या वावरात बैल हायत, एखादी वादी आनतो मागून."

"माह्यानं जमत नाई," बाबा म्हणाला.

"जमत नाई? अन् आता हा पोट्टा का मनला?"

"मोटरीले जमते. माह्या हाताले जमत नाई. म्या सोडलं थे."

पाटील हसला. ते हसणं मला आजही चांगलं आठवतं, कारण मी आयुष्यात अनेक मूर्ख पाहिले पण आपल्या पायावर इतक्या आनंदानं धोंडा पाडून घेणारा दुसरा पाहिला नाही. तो म्हणाला, "अबे कातडं मंजे तुमच्याच घरचा माल! तुह्या बापानं सारा जलम तेच केलं, अन् आता तुले लाज येऊन राह्यली? चाल, टाक लवकर. मुहूर्त जाईन."

 बाबानं रॉकेलचा डबा घेतला, हात धुतले, एकेक बोट पुसलं, आणि रस्त्याकाठच्या मैलाच्या दगडावर जाऊन बसला. मग म्हणाला, "पाटील, मोटरीचं काम माह्यं हाय. थे मी करतो. कातड्याचं काम तुमी मनता सोपं हाय, तं थे तुमी करा. मी इथून सांगतो."

"मी?"

"नवरदेवाले तं हळद लागली. त्याले जमिनीवर लोळवता येत नाई."

मी पुढं झालो. खरं सांगतो, मला नुसतं काम संपवायचं होतं. बाबा माझ्याकडं न पाहता म्हणाला, "तू बी नाई. झाकन धरून बस." मी झाकण धरून बसलो.

पाटील आधी ओरडला. मग त्यानं पुन्हा कधी मोटर मागणार नाही म्हणून दम दिला. मग बाजारात आमची इज्जत काढीन म्हणाला. मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. रस्ता रिकामा होता. एक बाई डोक्यावर पळसाच्या पानांचा भारा घेऊन आली, थांबली, नवरदेवाला पाहून तोंडाला पदर लावून गेली. सूर्य उतरायला लागला होता. शेवटी नवरदेवच मोटरीतून म्हणाला, "आबा, निंघा न आता खाली. मी का बाशिंग बांधून इथीच म्हतारा होऊ?" त्या पोराचं मला तेवढंच एक वाक्य ठाऊक आहे, पण ते चांगलं होतं.

बैलाची वादी जाड पडली असती, शिवाय वावरात बैलच सापडले नाहीत. तेव्हा बाबा दगडावरून म्हणाला, "तुमचा पट्टा बरोबर होईन." पाटलानं कमरेचा पट्टा सोडला. बक्कल काढून खिशात ठेवलं. माझ्या चाकूनं कातडं बाबानं सांगितलं तेवढं कापलं, तेलात बुडवलं, आणि फेटा, सदरा, धोतर यांसकट पोत्यावर उताणा झाला आणि मोटरीखाली सरकला. आता पायच तेवढे बाहेर. मी पुढून हँडलनं इंजिन फिरवून दांडा जागेवर आणला. बाबा दगडावरून एकेक गोष्ट सांगत होता, आवाज न चढवता, जसा तो मला शिकवायचा.

"गुंडाळा. सुरकुती नाई पाह्यजे. डाव्या अंगानं. डाव्या, पाटील. तुमचा डावा हात कोनता हाय?"

"दिसून नाई राह्यलं काही!"

"दिसत नाई तं चाचपा. कातड्याले हातच समजते."

"तेल डोयात पडून राह्यलं!"

"पडते. आता दांड्याची टोपी बसवा, नट लावा. आवळा. अजून."

"तुटन न!"

"मेलेल्या जनावराले दुखत नाई. आवळा."

मी हसलो नाही. मला हसायचं होतं, पण बाबाच्या तोंडावर हसू नव्हतं, तिथं मी कोण हसणार. पाटील बाहेर आला तेव्हा गुलाबी फेटा काळा होता, तोंडावर तेलाच्या रेघा, आणि हात कोपरापर्यंत बरबटलेले. आम्ही झाकण लावलं, तेल कपड्यातून गाळून पुन्हा ओतलं, बाबानं हँडल मारलं. मोटर चालू झाली. खटखटीचा आवाज नव्हता. चामडं दांड्याला असं धरून बसलं की मोटर नवी झाल्यासारखी वाटली. बाबा स्टेअरिंगवर बसला. "कातडं तुमचं, हात तुमचा. माह्यं फक्त स्टेरिंग," म्हणाला आणि बैलाच्या चालीनं त्यानं नवरदेव गोरजाला मांडवात नेला.

मांडवापुढं व्याह्यांनी पाटलाला पाहून विचारलं, हे काय. पाटील म्हणाला, रस्त्यात ड्रायव्हरला जरा मदत केली. मदत!  बाबानं भाडं घेतलं, त्यातली एक नोट काढून पाटलाच्या खिशात घातली. "हे कायचं?" पाटलानं विचारलं. "फिटिंगची मजुरी. आमच्याकडं फुकट काम कोनाकडून घेत नाई." लोक ऐकत होते, म्हणून पाटलाला ती नोट फेकताही आली नाही. मग बाबा म्हणाला, "आता तुमचं कातडं काढून घ्या, पाटील. मले घरी जायचं हाय." पाटील वाजंत्र्यांच्या गलक्यात शिरला तो बाहेर आलाच नाही. आम्हाला मांडवामागं पत्रावळीवर वरण-भात, वांग्याची भाजी आणि बुंदी वाढली. बुंदी खवट तुपाची होती.

आता कोणीही शहाणा माणूस काय करेल? त्याच कातड्यावर हळूहळू घरी येईल. माझा बाप परक्याचं कातडं मोटरीच्या पोटात घेऊन घरी यायला तयार नव्हता. पोचवायचा शब्द होता, पोचवलं, पुढचा शब्द काही नव्हता. सकाळी त्यानं एका शेतकऱ्याची बैलजोडी भाड्यानं घेतली, मोटरीला दोर बांधला, आणि बैलांनी ओढत आम्ही बोरीकडं निघालो. पुढं बैल, मागं मोटर, मोटरीत बाबा स्टेअरिंग धरून ताठ. गावागावात पोट्टे मागं धावले. बोरीच्या बाजारातून गेलो तेव्हा पानठेल्यावरचा एक टवाळ ओरडला, "पाहा बे, आंगोदर हे ढोरं ओढत होते, आता ढोरं ह्यायले ओढून राह्यले!" सगळा बाजार हसला. माझे कान जळले. बाबानं मान बाहेर काढली आणि त्याला म्हणाला, "बरोबर हाय, भौ. फेड करून राह्यले थे. तुमची कवा करता?" आणि मान आत घेतली.

मोटर कडुनिंबाखाली उभी राहिली ती राहिलीच. तळाचं झाकण काढून कातडं ओढून फेकायला किती वेळ लागतो? मी जेवता जेवता केलं असतं. पण बाबा हात लावीना आणि मला लावू देईना. ज्यानं घातलं तो काढेल. बाजाराचे दिवस जायला लागले. लोक बैलगाडीनं दारव्ह्याला जायला लागले. घरात भाकरीबरोबर अंबाडीची भाजी, मग नुसतं तिखट-मीठ, मग कण्या. माझा मामा आला. तो यवतमाळला कचेरीत शिपाई होता आणि स्वतःला कलेक्टर समजायचा. त्यानं खाटेवर बसून तासभर सांगितलं की जमाना बदलला, पायात सगळेच चामडं घालतात, दाजींनी डोकं ठिकाणावर आणावं. त्याच्या पायात चकचकीत बूट होते. दहा ठिकाणी उसनवारी करून घेतलेले ते बूट जाताना त्यानं आमच्या दारात दोनदा पुसले. माझ्या मनात होतं तेच तो बोलत होता, आणि तरी त्याच्या तोंडून ऐकून मला ते घाण वाटलं.

एका सकाळी बाबा बाहेर गेला होता. मी पाना आणि पक्कड घेऊन मोटरीपाशी बसलो. लपून नाही, अंगणात, सगळ्यांदेखत. माझं ठरलं होतं. बापाची शपथ बापाची, माझं पोट माझं. माय सूप घेऊन बाहेर आली, ज्वारी पाखडत माझ्यासमोर बसली.  मग म्हणाली, "काढायचं असन तं काढ बापा. मी का तुले अडवतो? पन मंग थो पाटील काहून येईन?"

"थो तसाबी येत नाई, माय."

"सून माहेरी गेली त्याची. तिकडून निरोप आला मने, पोरीले न्याले मोटरच आना, दमणीत आमी धाडत नाई. त्यायले मोटर पाहून सवय लागली." ती सुपातले खडे वेचत राहिली. "दुसरी मोटर हाय का कुठी?"

मी पक्कड ठेवून दिली. बाबाच्या हट्टाला मी येडेपणा म्हणत होतो. मायनं त्याच हट्टाचा सापळा करून ठेवला होता आणि वर ज्वारी पाखडत होती.

आधी पाटलानं आपला सालदार पाठवला. बिचारा गडी चालत आला, म्हणाला, मालकानं कातडं काढून द्यायला सांगितलं. बाबानं त्याला बसवलं, चहा दिला, बिडी दिली आणि म्हणाला, "हात मालकाचा होता. मालकच काढन." सालदार खूश होऊन परत गेला. मला वाटतं त्यानं तो निरोप चवीनं सांगितला असेल. मग पाटलाचा भाऊ आला, तो दारातूनच शिव्या देऊन गेला. मग पुष्कळ दिवस कोणी आलं नाही, आणि घरात कण्याही संपत आल्या. बाबा कडुनिंबाखाली बसून रोज मोटरीची धूळ पुसायचा. मी त्याच्याशी बोलणं सोडलं होतं.

पाटील आला तो भर दुपारी, पायी, छत्री घेऊन. आमच्या वस्तीत त्यानं यापूर्वी पाऊल टाकलं नव्हतं. त्यामुळं कोणतं घर ते त्याला विचारावं लागलं, आणि विचारत विचारत तो आमच्या दारी पोचेपर्यंत मागं अख्खी वस्ती गोळा झाली होती. या खेपेला त्यानं जुनं धोतर नेसलं होतं. अक्कल बेताची असली तरी तेवढी होती. तो म्हणाला, "पुंडलिक, खोल तुहं झाकन." पुंडलिक. बाबानं मला खूण केली. मी तेल काढलं, झाकण उतरवलं, पोतं अंथरलं. पाटील उताणा झाला आणि मोटरीखाली सरकला. वस्तीतल्या बाया, पोरं, म्हातारे, सगळे गोल करून उभे होते.  कातडं काळं, लिबलिबीत होऊन दांड्याला चिकटून बसलं होतं. त्याला ते नखानं खरवडून काढावं लागलं. बाहेर आला तेव्हा ते त्याच्या मुठीत होतं. कुठं टाकावं ते त्याला कळेना. बाबा म्हणाला, "घेऊन जा. तुमच्या घरचा माल हाय." त्यानं ते छत्रीत घातलं.

मग तो आपल्या हातांकडं पाहत उभा राहिला. कोपरापर्यंत तेल. अशा हातानं छत्रीही धरता येईना. "पानी," तो कोणाकडंही न पाहता म्हणाला. माय गडवा घेऊन आली. पाटलानं दोन्ही हात जोडून पुढं केले, आणि मायनं गडवा वर उचलला, खांद्याच्या वर, डोक्याच्या बरोबरीनं, आणि तिथून पाण्याची धार सोडली. जोडलेले हात आणि वरून पडणारी धार. गावच्या विहिरीवर अशी धार सोडणारे कोण आणि खाली हात धरणारे कोण, हे तिथल्या प्रत्येक म्हाताऱ्याला ठाऊक होतं. पाटलालाही होतं. त्याचे हात जरा मागं गेले. पण तेल निघायचं होतं आणि सून आणायची होती. त्यानं हात पुन्हा पुढं धरले, आणि गडवा रिकामा होईपर्यंत खाली पाहत धरून ठेवले.

माय पुढं सगळ्यांना सांगायची की अंगावर शिंतोडे येऊ नयेत म्हणून तिनं गडवा उंच धरला होता. पाणी उंचावरून सोडलं की शिंतोडे जास्त उडतात, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी तिला तसं कधी म्हणालो नाही.